‘ऐकत नाही’ की ‘ऐकू शकत नाही’? : शिरोमर्माभिघातानंतरचा किशोर आणि वैद्याचे कर्तव्य

ग्रामीण भागात चिकित्साव्यवसाय करणाऱ्या वैद्यास शिरोभिघाताचा रुग्ण पहिल्या दिवशी सहसा पाहावयास मिळत नाही. अपघात घडतो, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येते, रुग्ण लातूरला अथवा त्यापुढे सोलापूर-हैदराबादकडे रवाना होतो. शस्त्रकर्म होते, अतिदक्षता विभागातील दिवस मोजले जातात आणि एके दिवशी गावात ‘लेकरू वाचलं’ अशी वार्ता येते. आपल्या दवाखान्याची पायरी हा रुग्ण चढतो तो त्यानंतर तीन-चार महिन्यांनी, आणि तोही डोक्याच्या तक्रारीसाठी नव्हे. पालक सांगतात, “डॉक्टरसाहेब, जखम भरली, हिंडाय-फिराय लागलं, पण आता कुणाचंच ऐकंना झालंय. उलटून बोलतंय, ताट फेकतंय, रात्र रात्र झोपत नाही. याला काहीतरी शांत व्हायचं द्या.”

या एका वाक्यात वैद्याची परीक्षा असते. मागितलेले औषध देऊन रुग्णास वाटेला लावणे सोपे आहे. परंतु ज्यास पालक उर्मटपणा म्हणत आहेत तो व्याधीचा लिंगभूत भाग आहे काय, हा प्रश्न त्या कुटुंबाला आजवर कोणी विचारलेला नसतो. तो विचारण्याची जबाबदारी बहुधा आपल्यावरच येते. प्रस्तुत लेखात या विषयाचा शास्त्रीय व व्यावहारिक अशा दोन्ही अंगांनी विचार करण्याचे योजिले आहे.

आपल्या परिसरातील हेतू

रेणापूर तालुका हा उसाचा पट्टा आहे. निवाडा येथील रेणा सहकारी साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की लातूर-अंबाजोगाई मार्गावर व गावोगावच्या अरुंद रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस धावू लागतात. अनेक ट्रॉल्यांना मागील दिवा नसतो, परावर्तक पट्टी उसाच्या पाचटाखाली झाकलेली असते, आणि बिघाड झालेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला अंधारात उभी असते. त्याच रस्त्याने लातूरच्या शिकवणीहून परतणारी, एका दुचाकीवर तिघे बसलेली आणि डोक्यावर शिरस्त्राण नसलेली मुले येत असतात. पुढे काय घडते हे या सभासदांना वेगळे सांगावयास नको.

मोटार वाहन कायद्यानुसार ५० सी.सी. पर्यंतच्या विनागिअर वाहनासाठी १६ वर्षे व इतर वाहनांसाठी १८ वर्षे ही वयोमर्यादा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हातून वाहनासंबंधी गुन्हा घडल्यास पालकास अथवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड अशी तरतूद आहे. चार वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीस दुचाकीवर हेल्मेट बंधनकारक आहे, म्हणजे मागे बसणाऱ्यासही. ‘निदानपरिवर्जन’ हे चिकित्सेचे पहिले सूत्र मानणाऱ्या आपण वैद्यांनी दवाखान्याच्या भिंतीवर औषधांच्या जाहिरातींशेजारी एवढे जरी लावले तरी ते शास्त्राला धरूनच होईल.

शास्त्रदृष्टी

चरकाचार्यांनी सिद्धिस्थानातील त्रिमर्मीय अध्यायात हृदय, बस्ति व शिर या तीन मर्मांचे प्राधान्य सांगितले आहे. शिरावरील आघाताची लक्षणे देताना मन्यास्तंभ, अर्दित, नेत्रविभ्रम, चेष्टानाश, स्वरहानी, वाणीचा गद्गदपणा यांच्याबरोबरच ‘मोह’ हे लक्षण त्यांनी गणले आहे. सुश्रुताचार्यांनी १०७ मर्मांपैकी ३७ मर्मे जत्रूच्या वर सांगितली. शृंगाटक, अधिपति व शंख ही सद्य:प्राणहर मर्मे आपल्या सर्वांच्या स्मरणात असतात. परंतु कालांतरप्राणहर गटातील पाच ‘सीमंत’ मर्मांकडे सहसा दुर्लक्ष होते. कवटीच्या या संधींवर आघात झाल्यास उन्माद, भय व चित्तनाश होऊन कालांतराने मृत्यू ओढवतो, असे सुश्रुतांनी शारीरस्थानाच्या सहाव्या अध्यायात म्हटले आहे. डोक्याची जखम आणि मनाचा विकार यांचा संबंध इतक्या स्पष्टपणे जोडणारे हे विधान आजच्या विषयाचा पाया होय. सुश्रुतांनीच सद्योव्रणचिकित्सेत शिरातील शल्य काढल्यावर केसांची वर्ती घालावी, अन्यथा मस्तुलुंग स्रवून वायू रुग्णाचा घात करतो, असे सांगितले. यावरून मस्तुलुंगाचे महत्त्व त्यांना किती प्रत्यक्ष अनुभवाने ठाऊक होते हे ध्यानी येते. भेलसंहितेत तर मनाचे स्थान शिर व टाळू यांच्या मध्ये सांगितले आहे.

आता वर्तनाकडे येऊ. चरकांनी निदानस्थानात उन्मादाचे स्वरूप सांगताना मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा व आचार अशा आठ भावांचा विभ्रम वर्णिला आहे. येथे भक्ती म्हणजे आवड. अपघातापूर्वी आईच्या हातच्या भाकरीसाठी धावणारा मुलगा ती भाकरी दूर लोटतो, हा भक्तिविभ्रम. मितभाषी मुलगा पाहुण्यांसमोर अपशब्द बोलतो, हा शील व आचार यांचा विभ्रम. प्रत्येक शिरोभिघाताच्या रुग्णास उन्माद झाला असे म्हणण्याचा हा हेतू नाही. परंतु हे आठ भाव एकेक करून तपासण्याची पद्धत आपल्याला आयती उपलब्ध आहे.

याहून महत्त्वाची संकल्पना धृतीची आहे. शारीरस्थानाच्या पहिल्या अध्यायात धृतीचे कार्य नियमन हे सांगितले आहे. विषयाकडे धावणाऱ्या मनाला अहितापासून आवरून धरणारी ती शक्ती. धी म्हणजे योग्यायोग्य कळणे, स्मृती म्हणजे ते आठवणे आणि धृती म्हणजे त्यानुसार स्वतःला आवरणे. शिरोभिघाताच्या किशोरात कित्येकदा धी शाबूत असते. ‘आईला शिवी देणे चूक आहे का?’ असे विचारल्यास तो ‘हो’ म्हणतो. पण क्षण आला की आवरण्याची शक्ती अपुरी पडते. हा धृतिभ्रंश होय. पालक मात्र ‘कळत असून करतो’ एवढेच पाहतात आणि त्यास माज म्हणतात.

आधुनिक शास्त्र हेच दुसऱ्या भाषेत सांगते. मेंदूचा पुढील भाग आवेगाचे नियंत्रण, कामाची आखणी व परिणामांचा विचार यांसाठी कारणीभूत असतो. अपघातात मेंदू कवटीच्या खडबडीत तळावर आपटल्याने नेमका हाच भाग व शंखप्रदेशाजवळचा भाग वारंवार दुखावतो. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात १३ सप्टेंबर १८४८ रोजी फिनिअस गेज या २५ वर्षांच्या रेल्वे मुकादमाच्या गालातून सुमारे सहा किलो वजनाची लोखंडी पहार शिरून कवटीतून बाहेर पडली. तो वाचला, चालू-बोलू लागला. परंतु त्याचा स्वभाव इतका पालटला की पूर्वीचा गेज उरला नाही असे त्याचे परिचित म्हणू लागले. त्याचे चिकित्सक डॉ. हार्लो यांनी १८६८ मध्ये हे वृत्त विस्ताराने मांडले. या कथेचा उत्तरार्ध मात्र क्वचित सांगितला जातो. गेजने पुढे चिली देशात कित्येक वर्षे घोडागाडी हाकण्याचे काम केले. ठरलेली वेळ, ठरलेला मार्ग, ठरलेली कामे या चौकटीत तो पुष्कळ सावरला असावा, असे अभ्यासक मानतात. १८६० मध्ये अपस्माराच्या झटक्यांनंतर त्याचा मृत्यू झाला. नित्यक्रमाचा लाभ आणि अपस्माराचा धोका या दोन्ही गोष्टी आपल्या रुग्णांनाही लागू आहेत.

वयाचा विचार

चरकांनी विमानस्थानात सोळा वर्षांपर्यंत धातू अपरिपक्व असतात आणि त्यापुढे तीस वर्षांपर्यंत धातू वाढत असले तरी सत्त्व बहुधा अस्थिर असते, असे सांगितले आहे. मेंदूचा पुढील भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो, या आजच्या ज्ञानाशी ते किती जुळते हे पाहण्यासारखे आहे. म्हणून किशोरवयातील आघात दुहेरी ठरतो. जी शक्ती अजून घडतच होती तिच्यावरच घाव पडतो. कित्येकदा तेराव्या-चौदाव्या वर्षी झालेल्या आघाताचे परिणाम सतराव्या वर्षी, म्हणजे जबाबदारी वाढल्यावर, प्रकट होतात आणि तोवर अपघाताचा विसर पडलेला असतो. यास्तव ‘स्वभाव बदलला’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येक किशोराच्या इतिवृत्तात ‘डोक्याला कधी मार लागला होता काय?’ हा प्रश्न असलाच पाहिजे.

‘ऐकत नाही’ याचे पाच अर्थ

पालकांच्या ‘ऐकत नाही’ या तक्रारीचे पृथक्करण केल्याशिवाय चिकित्सा संभवत नाही. व्यवहारात तिचे पाच अर्थ आढळतात. (१) सांगितलेले त्याच्यापर्यंत पोहोचलेच नाही. गोंगाटात, अनेकजण एकाच वेळी बोलत असताना त्याचे अवधान टिकत नाही. (२) ऐकले, पण दहा मिनिटांत विसरला. (३) आठवते, पण सुरुवात करता येत नाही. तो खाटेवर बसून राहतो आणि घरचे त्यास आळशी म्हणतात. (४) सुरू केलेली कृती थांबवता येत नाही; मोबाईल हातातून घेतला की उसळतो. (५) ऐकायचेच नाही. म्हणजे कोणत्याही सोळा वर्षांच्या मुलाचा स्वाभाविक विरोध.

पहिल्या चार प्रकारांत शिक्षा निरर्थक आहे. पाचव्यात समजूत, मर्यादा व संवाद यांचा उपयोग होतो. आघातजन्य क्रोध ओळखण्याच्या काही खुणा आहेत. तो क्षुल्लक कारणाने एकाएकी उसळतो, थोडा वेळ टिकतो, पुढे पश्चात्ताप होतो किंवा घडलेले नीट आठवत नाही. तो माणूस वा स्थळ पाहून निवडलेला नसतो. थकवा, भूक, निद्रानाश यांनी वाढतो. उलट, जो मुलगा शिक्षकांसमोर शांत व केवळ वडिलांसमोरच उद्धट असतो, तेथे घरातील संबंधांकडेही पाहिले पाहिजे. तथापि, मुलगा दिवसभर शाळेत कष्टाने स्वतःस आवरतो आणि घरी येताच त्याचा बांध फुटतो, असेही घडते. म्हणून घाईने निर्णय देऊ नये. शेवटी तो रुग्ण असला तरी किशोरही आहे. त्याची प्रत्येक कृती आघातावर ढकलली, तर त्यास मोठे होण्याची संधीच उरणार नाही.

रुग्णवृत्त

तालुक्यातील एका गावचा १६ वर्षांचा मुलगा. इयत्ता अकरावी, विज्ञान शाखा. ‘लातूर पॅटर्न’च्या आशेने घरच्यांनी शिकवणी लावलेली. मित्राच्या दुचाकीवर मागे बसून येताना उभ्या ट्रॉलीवर धडक. ललाटप्रदेशी मेंदूस मार, तीन आठवडे रुग्णालयात वास्तव्य, अपस्मार प्रतिबंधासाठी फेनिटॉइन सुरू. चार महिन्यांनी आमच्याकडे आणला तेव्हा तक्रारी पुढीलप्रमाणे : जवळजवळ रोज क्रोधाचा उद्रेक, निद्रानाश, अभ्यासास बसविल्यास वह्या फाडणे, गाडीची चावी मागून भांडणे, लहान बहिणीस मारणे. नाडी वातपित्तप्रधान, अग्नी विषम, मल बद्ध. वडिलांचे मत असे की, ‘लाड झालेत, चार ठेवून दिल्या की सरळ येईल.’ तसे करूनही झाले होते, आणि दर वेळी त्याचा क्षोभ वाढलाच होता.

मुलाशी एकट्याने बोलल्यावर तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मला राग यायलाय हे मला राग येऊन गेल्यावर कळतं.” धृतिभ्रंशाचे याहून नेमके वर्णन मला ग्रंथाबाहेर आढळलेले नाही.

प्रथम पालकांना बसवून आघाताचे चित्र कागदावर काढून दाखविले. नववीतील बहिणीकडे एक काम सोपविले : भिंतीवरील दिनदर्शिकेत उद्रेकाची वेळ, त्याआधी काय घडले व नंतर घरच्यांनी काय केले, हे तीन-चार शब्दांत लिहावयाचे. दोन आठवड्यांच्या नोंदीत बहुतेक उद्रेक दुपारी चार ते सात या वेळात, जेवण लांबलेल्या वा रात्री जागरण झालेल्या दिवशी आणि दोघे-तिघे एकदम बोलत असताना झाल्याचे दिसले. ही नोंद पाहून वडील प्रथमच म्हणाले, “म्हणजे ठरवून करत नाही हे.” चिकित्सेला खरी सुरुवात तेथून झाली.

नित्यक्रम आखला. अभ्यास सकाळी वीस-वीस मिनिटांचे तुकडे पाडून. चार वाजता खाणे व विश्रांती. झोपेची वेळ निश्चित. स्नेहनासाठी पादाभ्यंग, मलानुलोमन, अल्प मात्रेत घृतपान. तीन महिन्यांत उद्रेक आठवड्यास एक-दोनवर आले. वडिलांनी हात उगारणे सोडले.

पुढे परीक्षा जवळ आल्यावर एका नातलगाने औषधी दुकानातून स्मरणशक्तीसाठी म्हणून शंखपुष्पीयुक्त सिरप आणून दिले. आम्हास कल्पना दिली गेली नाही. काही आठवड्यांत मुलास घरच्या अंगणात अपस्माराचा वेग आला. मेंदूविकारतज्ज्ञांनी तपासणी केली असता फेनिटॉइनची रक्तातील पातळी अपेक्षेपेक्षा कमी आढळली. सिरप बंद केल्यानंतर पुन्हा वेग आला नाही. एका रुग्णावरून सिद्धान्त मांडता येत नाही हे मान्य. परंतु या विषयावरील पूर्वीचे काम आपणा सर्वांस ज्ञात असणे अगत्याचे आहे. त्याचा उल्लेख पुढे येतो.

आज तो मुलगा पूर्वीसारखा झालेला नाही. विज्ञान शाखा सुटली. सतरा नंबरचा फॉर्म भरून कला शाखेतून बारावी झाला. पहाटे दूध संकलनाचे काम नेमाने करतो. गाडी चालवत नाही. क्रोध अधूनमधून येतो, पण येऊ लागला की उठून गोठ्याकडे निघून जाण्याचे तो शिकला आहे. आईचे शब्द असे : “पहिलं लेकरू गेलं डॉक्टर, हे दुसरं आहे. पण हेबी आमचंच आहे.”

चिकित्सासूत्र : कुटुंबासाठी पथ्यापथ्य

सत्त्वावजय म्हणजे अहितकर अर्थांपासून मनाचा निग्रह. ज्याची निग्रहशक्तीच दुखावली आहे त्यास ती काही काळ बाहेरून पुरवावी लागते, म्हणजे घराची रचनाच धृतीचे काम करते. यासाठी पालकांस पुढील गोष्टी लिहून द्याव्यात.

एका वेळी एकच सूचना, छोट्या वाक्यात, समोर बसून द्यावी. ‘हे करू नको’ याऐवजी ‘हे कर’ असे सांगावे व शक्य तेथे दोन पर्याय ठेवावेत. ‘आंघोळ आधी की चहा आधी?’ असे विचारल्याने किशोराचा मानही राखला जातो. दिनक्रम भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावावा, मोबाईलच्या गजराचा उपयोग करावा. क्रोध चढताना दिसला की वाद, उपदेश, स्पष्टीकरण मागणे हे सर्व थांबवावे. आवाज खाली आणावा, लहान मुलांस दूर न्यावे, त्यास मोकळी जागा द्यावी. समजूत घालावयाची ती तो शांत झाल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी, एकट्याने. पारावर वा पाहुण्यांसमोर त्याच्या वागण्याची चर्चा करू नये. चांगले वागल्याची दखल त्याच क्षणी घ्यावी. लग्नसराईतील ध्वनिक्षेपकांचा गोंगाट, जत्रेतील गर्दी व रात्रीचे जागरण सुरुवातीचे काही महिने टाळावे. मद्य व तंबाखू सर्वथा वर्ज्य. मद्याने अपस्माराचा व पुन्हा पडण्याचा धोका वाढतो.

आपल्या शेतकरी कुटुंबांसाठी काही सूचना विशेष महत्त्वाच्या आहेत. गाडीच्या व ट्रॅक्टरच्या चाव्या त्याच्या हाती लागू नयेत. विनाकठड्याच्या विहिरीवर, तलावात पोहण्यास, कडबाकुट्टी यंत्रावर त्यास एकट्यास पाठवू नये. कीटकनाशके व तणनाशके कुलपात ठेवावीत. आवेगी स्वभाव, गमावलेल्या भविष्याची जाणीव आणि हाताशी असलेले विष हा योग किती घातक आहे हे मराठवाड्यातील वैद्यास सांगणे नलगे. ‘जगून काय उपयोग’ असे शब्द त्याच्या तोंडी आल्यास ते धमकी समजू नयेत. त्याच दिवशी मानसरोगतज्ज्ञांकडे न्यावे. शासनाची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून विनामूल्य उपलब्ध आहे.

पालकांच्या प्रकृतीचीही विचारपूस करावी. अशा घरातील आईची झोप, जेवण व माहेरी जाणे सगळे थांबलेले असते. आठवड्यातून एक दिवस काका-मामांनी मुलाची जबाबदारी घ्यावी, असे वैद्याने सांगितले की ते मानले जाते. आईने मागितले तर मानले जात नाही.

दैवव्यपाश्रय चिकित्सा शास्त्रात सांगितली आहे. रेणुकामातेच्या दर्शनाने कुटुंबास धीर येत असेल तर तो अवश्य घ्यावा. परंतु ‘बाहेरची बाधा’ म्हणून मुलास बांधणे, मारणे, धुरी देऊन गुदमरविणे हे २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि दुखावलेल्या शिरोमर्मावर दुसरा आघात हा तर प्राणघातक ठरू शकतो.

औषधयोजना व मर्यादा

मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची व शंखपुष्पी ही चार मेध्य रसायने. ब्राह्मी घृत, कल्याणक घृत, पंचगव्य घृत. अभ्यंग व पादाभ्यंग. ही साधने अग्नी, कोष्ठ व चालू असलेली आधुनिक औषधे पाहूनच पूरक म्हणून योजावीत. आचार रसायन हे येथे रुग्णाइतकेच कुटुंबासही लागू आहे. पुढील बाबतींत मात्र दक्षता हवी.

नाकातून वा कानातून स्वच्छ पाण्यासारखा स्राव होत असल्यास नस्य व कर्णपूरण कदापि करू नये. तो मस्तिष्कजल असण्याचा संभव असतो. कवटीचा तुकडा शस्त्रकर्मात काढलेला असल्यास त्या जागी दाब, मर्दन, शिरोबस्ती वर्ज्य. नव्याने वाढणारी डोकेदुखी, सकाळची उलटी, वाढती सुस्ती, एका बाजूची दुर्बलता, दृष्टिदोष, अपस्माराचा वेग यांपैकी काहीही आढळल्यास औषध न देता त्वरित न्यूरोसर्जनकडे पाठवावे. अपस्माराच्या औषधांपैकी लेवेटिरॅसिटॅममुळे काही रुग्णांत चिडचिड व आक्रमकता वाढते हे सुविदित आहे. तसे वाटल्यास औषध अकस्मात बंद न करता मूळ तज्ज्ञास पत्र लिहावे. पर्याय उपलब्ध असतात.

‘शांत व्हायचं औषध’ म्हणून सर्पगंधा देण्याची प्रथा आढळते. डॉ. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये उन्माद व उच्च रक्तदाबातील तिचा उपयोग प्रसिद्ध केला, हा आपल्या अभिमानाचा विषय आहे. पण तिच्यातील रिसर्पिनमुळे खिन्नता येऊ शकते असाही इशारा दिला जातो. आधीच खचलेल्या किशोरात ती टाळणे श्रेयस्कर.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

या अंकाचे वाचक असलेल्या औषधविक्रेत्यांना विशेष विनंती. मुंबईतील संशोधकांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शंखपुष्पीयुक्त आयुर्वेदीय कल्पासोबत फेनिटॉइन घेणाऱ्या रुग्णांत अपस्मारावरील नियंत्रण सुटल्याचे निरीक्षण मांडले होते, व प्राण्यांवरील प्रयोगात फेनिटॉइनची रक्तातील पातळी व परिणामकारकता घटल्याचे दाखविले होते. याउलट पिंपळी-मिऱ्यातील पायपरीन हे फेनिटॉइनची रक्तातील पातळी वाढवू शकते, म्हणजे त्रिकटुयुक्त कल्पांबाबतही विचार हवा. तेव्हा ‘स्मरणशक्तीचे टॉनिक’ मागणाऱ्या ग्राहकास ‘फिटची गोळी चालू आहे काय? डोक्याला मार लागला होता काय?’ हे दोन प्रश्न विचारावेत. उत्तर होकारार्थी असल्यास वैद्याच्या चिठ्ठीशिवाय बाटली देऊ नये. पारद, हरताळ, मन:शिला असलेले स्मृतिसागर रसासारखे कल्प अनुसूची ‘ई-१’ मधील द्रव्यांचे आहेत व ते वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाचे असतात. ‘आयुर्वेदिक आहे, अपाय नाही’ हे वाक्य दुकानातून हद्दपार झाले तर आयुर्वेदाची प्रतिष्ठा वाढेलच.

शाळा, कायदा व कागदपत्रे

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारांचा समावेश आहे. मेंदूचा आघात हा त्यात स्वतंत्र प्रकार नाही. परंतु त्यातून उरलेले चलनदोष, वाचादोष, बौद्धिक अक्षमता वा मानसिक आजार यांचे मूल्यमापन होऊ शकते. वैश्विक ओळखपत्रासाठी अर्ज करता येतो आणि ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व ठरल्यास १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. परीक्षेत लेखनिक, जादा वेळ यांसारख्या सवलती प्रमाणपत्राच्या आधारे मागता येतात. पालकांना हे क्वचितच ठाऊक असते. मुख्याध्यापकांच्या नावे वैद्याने लिहिलेले एक पानी पत्र, ज्यात ‘हा विद्यार्थी बेशिस्त नसून आघाताच्या परिणामातून सावरत आहे, त्यास पुढील आसन, लहान विश्रांती व एकेक सूचना द्यावी’ एवढाच मजकूर असेल, ते कित्येकदा शाळेतून नाव काढले जाण्यापासून मुलास वाचवते.

अपघात दाव्यासाठीही वर्तनबदलाच्या नोंदी उपयोगी ठरतात. हाड मोडल्याचे चित्र काढता येते, धृती मोडल्याचे काढता येत नाही. तेथे दिनांकासह लिहिलेली चिकित्सकाची नोंद हाच पुरावा. म्हणून प्रत्येक भेटीची नोंद ठेवावी व पालकांस विलंब न करता विधिज्ञांचा सल्ला घेण्यास सांगावे.

उपसंहार

शिरोभिघाताच्या रुग्णाचा प्राण वाचविण्याचे श्रेय शल्यविशारदांचे आहे, आणि ते त्यांना मुक्तपणे दिले पाहिजे. परंतु त्यानंतरची वर्षे रुग्ण आपल्या गावात, आपल्या घरात काढतो. आणि तेथे पोहोचणारा चिकित्सक बहुधा आयुर्वेदाचा पदवीधरच असतो. त्याने पालकांना समोर बसवून अर्धा तास दिला, मुलाशी एकट्याने बोलला, दिनक्रम लिहून दिला, चालू औषधे तपासली आणि योग्य वेळी योग्य तज्ज्ञाकडे पाठविले, तर त्या घरातील मारहाण थांबू शकते. सभासद वैद्यांनी आपल्या जुन्या केसपेपरांत ‘चिडचिड’, ‘ऐकत नाही’, ‘अभ्यासात मागे पडला’ अशा नोंदी असलेले किशोरवयीन रुग्ण पुन्हा एकदा काढून पाहावेत, आणि पुढील भेटीत अपघाताचा प्रश्न विचारावा, इतकीच नम्र विनंती.